हेअरलाइन ठरवताना: पंचविशीत आखलेली रेषा पन्नाशीतही शोभली पाहिजे



आपल्या वस्त्यांमधल्या तरुणांच्या मोबाइलवर हल्ली केसांच्या जाहिराती फार येतात. एका बाजूला टक्कल पडलेला माणूस, दुसऱ्या बाजूला त्याच माणसाच्या कपाळावर दाट केस, आणि खाली ‘सुलभ हप्त्यांची सोय’. ओरोस, कुडाळ, कणकवली, सावंतवाडीकडची मुले कामानिमित्त गोव्यात, कोल्हापुरात, मुंबईत असतात. तिथल्या दवाखान्यांत जाऊन ती हेअर ट्रान्सप्लांटची चौकशी करतात. कोणाला लग्नाच्या बायोडाट्यावरचा फोटो खटकतो, कोणी हॉटेलात किंवा शोरूममध्ये नोकरीला असतो, कोणी मित्रांच्या चेष्टेला कंटाळलेला असतो. ही कारणे खरी आहेत. त्यावर हसून काही उपयोग नाही.

मात्र चौकशीला गेलेला तरुण बहुधा दोनच प्रश्न विचारतो. खर्च किती? आणि ग्राफ्ट किती? तिसरा प्रश्न राहूनच जातो: माझ्या कपाळावर केसांची पुढची रेषा, म्हणजे हेअरलाइन, नेमकी कुठे आणि कशी आखणार? पैसे पुन्हा मिळवता येतात. चुकीच्या जागी आखलेली रेषा मात्र सहजासहजी पुसता येत नाही. म्हणून या वेळच्या आरोग्य पानावर फक्त हेअरलाइनचा विचार करू.

केस नवे येत नाहीत, त्यांची जागा बदलते

हेअर ट्रान्सप्लांट म्हणजे काय हे आपल्याकडे भातशेती पाहिलेल्या कोणालाही लगेच कळेल. आपण तरवा पेरतो, तो उपटतो आणि चिखलणी केलेल्या कुणग्यात लावणी करतो. इथेही तसेच आहे. डोक्याच्या मागच्या आणि कानांच्या वरच्या बाजूचे केस मुळासकट काढायचे आणि पुढे बारीक छिद्रे करून त्यांत लावायचे. केसांच्या अशा एका नैसर्गिक पुंजक्याला ग्राफ्ट म्हणतात. एका ग्राफ्टमध्ये एक, दोन, तीन, क्वचित चार केस असतात.

मागचेच केस का घेतात? कारण पुरुषांच्या नेहमीच्या टकलात पुढचे केस आणि भोवऱ्याजवळचे केस जातात, पण मागच्या पट्ट्यातले बहुधा म्हातारपणापर्यंत टिकतात. न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. नॉर्मन ओरेंट्राइख यांनी १९५९ साली दाखवून दिले की मागचा केस पुढे लावला तरी तो आपला मूळ स्वभाव सोडत नाही, म्हणजे नव्या जागीही टिकतो. आजची सगळी केशरोपण शस्त्रक्रिया याच गोष्टीवर उभी आहे.

शेती आणि केस यांत एक फरक आहे आणि तोच सगळ्यांत महत्त्वाचा आहे. तरवा कमी पडला तर पुढच्या वर्षी जास्त पेरता येतो. डोक्यामागून एकदा काढलेल्या मुळाच्या जागी पुन्हा केस उगवत नाही. मागे जेवढा साठा आहे तेवढाच आयुष्यभर पुरवायचा आहे.

आधी हिशेब समजून घ्या

टक्कल पडण्याआधी डोक्यावर दर चौरस सेंटिमीटरला साधारण ६५ ते ८५ पुंजके असतात. पुढून भोवऱ्यापर्यंत पूर्ण टक्कल पडले तर उघडी होणारी जागा सुमारे २०० चौरस सेंटिमीटर भरते. तिथे निम्म्याच दाटीने, म्हणजे चौरस सेंटिमीटरला ४० ग्राफ्ट लावायचे म्हटले, तरी ८,००० ग्राफ्ट लागतील.

आता साठा पाहू. मागची बाजू विरळ दिसू न देता आयुष्यभरात सर्वसाधारण माणसाचे ४,००० ते ६,००० ग्राफ्ट काढता येतात. कोणाचे त्याहून कमी, कोणाचे थोडे जास्त. म्हणजे ज्याला पुढे पूर्ण टक्कल पडणार आहे, त्याचे सगळे डोके पहिल्यासारखे भरून देणे गणितातच बसत नाही. जो तसे आश्वासन देतो, त्याने एक तर हिशेब केलेला नाही किंवा तो तुम्हाला सांगितलेला नाही.

हेअरलाइनचा या हिशेबाशी थेट संबंध आहे. समजा पुढची रेषा १२ सेंटिमीटर रुंद आहे. ती फक्त १ सेंटिमीटर खाली आणायची तर १२ चौरस सेंटिमीटर जागा वाढली. ४० च्या दाटीने तिथे ४८० ग्राफ्ट जातात. दोन सेंटिमीटर खाली आणली तर जवळपास हजार. हे हजार ग्राफ्ट उद्या टाळूवर लागणार असतील तर ते कुठून आणणार?

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. पुष्कळ ठिकाणी पैसे ग्राफ्टवर मोजतात. हिशेबापुरता ३० रुपये दर धरला तर रेषा एका सेंटिमीटरने खाली आणण्याचे जवळपास १५,००० रुपये जास्त होतात. रेषा खाली घेतली की तरुण खूश होतो आणि दवाखान्याचे बिलही वाढते. त्यामुळे ‘थोडी वर ठेवू या’ असे सांगणारा डॉक्टर मिळाला तर त्याचे म्हणणे नीट ऐका.

रेषा आखण्याआधी निदान

केस गळतात म्हणजे टक्कलच पडते असे नाही. डेंग्यू, टायफॉईड, लेप्टो अशा मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी मूठमूठ केस गळतात. बाळंतपणानंतर, अचानक वजन उतरल्यावर, अंगात लोह कमी असल्यावर, थायरॉईड बिघडल्यावरही गळतात. कारण दूर झाले की हे केस बहुतेक वेळा परत येतात. त्यांना शस्त्रक्रिया लागत नाही. गोल चकंदळ पडून केस जातात, त्याला आपण चाई म्हणतो. ती चालू असताना लावलेले केसही जाऊ शकतात. डोक्याच्या कातडीला वण पडून केस जाण्याचे काही आजार आहेत, त्यांतही आधी आजार थांबवावा लागतो. काही जणांचे मागचे केससुद्धा विरळ होत असतात. अशा माणसाचा साठाच भरवशाचा नसतो.

म्हणून जाहिरातीतल्या नंबरवर फोन करण्याआधी त्वचारोगतज्ज्ञाला डोके दाखवा. ओरोसला, म्हणजे सिंधुदुर्गनगरीत, जिल्हा रुग्णालय आहे आणि २०२१ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले आहे. तिथल्या त्वचारोग विभागात केसपेपर काढून तपासणी करून घ्या. आपल्याकडचे पुष्कळ रुग्ण एरवीही बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात जातात, तिथेही विचारता येईल. हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर यांच्या साध्या तपासण्यांवरूनही बरेच काही कळते. निदान सरकारी दवाखान्यात करून घेतले की पुढे खासगी ठिकाणी गेलात तरी हातात स्वतःची माहिती असते.

वय आणि घराणे

सतरा-अठरा वर्षांच्या मुलाची केसांची रेषा खाली, जवळजवळ सरळ असते. भुवया वर उचला. कपाळावर आठ्या पडतील. त्या वयात सगळ्यांत वरच्या आठीला लागूनच केस सुरू होतात. पुढे विशीत बहुतेक पुरुषांची रेषा त्या आठीच्या साधारण एक-दीड बोट वर सरकते आणि कोपरे थोडे मोकळे होतात. याला प्रौढ रेषा म्हणतात. हे टक्कल नव्हे, वयात येणे आहे. एवढ्यासाठी ट्रान्सप्लांट करायला निघालेला मुलगा नसलेल्या रोगावर औषध शोधतो आहे.

रेषा त्याहून मागे गेली असेल, केस बारीक आणि आखूड होत असतील, भोवराही उघडा पडू लागला असेल, तर टक्कल सुरू झाले असे समजावे. ते किती पुढे जाईल याचा अंदाज घराण्यावरून येतो. टक्कल फक्त मामाकडून येते असा समज आहे, तो अर्धवट आहे. आई आणि वडील दोन्हीकडून ते येऊ शकते. वडील, चुलते, मामा, दोन्हीकडचे आजोबा यांचे पन्नाशीतले फोटो पाहा. डॉक्टर टकलाचे टप्पे मोजतात, पहिला ते सातवा. घरात सहाव्या-सातव्या टप्प्याची माणसे असतील तर तुमचे नियोजनही तेवढे धरूनच व्हायला हवे.

बावीस-तेविसाव्या वर्षी टक्कल कुठवर जाणार हे दिसत नाही. म्हणून पंचविशीच्या आत शस्त्रक्रियेची घाई न करता आधी औषधाने गळती थांबते का हे पाहावे, असे अनुभवी डॉक्टर सांगतात. घाई केली तर काय होते? पुढे कपाळावर लावलेले केस टिकतात, पण त्यांच्या मागचे मूळचे केस जात राहतात. मग पुढे केसांची पट्टी, मध्ये उघडे टाळू, असे समुद्रातल्या बेटासारखे डोके दिसू लागते. तोवर मागचा साठाही संपलेला असतो.

रेषा कुठे असावी

प्रौढ पुरुषासाठी दोन भुवयांच्या मधल्या बिंदूपासून मधोमध वर साधारण ७ ते ९ सेंटिमीटरवर रेषा असावी असा अंदाज धरतात. आडवी चार बोटे कपाळावर ठेवली की खालची हद्द साधारण कळते. ज्याचे टक्कल जास्त वाढणार आहे त्याने रेषा वरच्या हद्दीकडे ठेवावी.

दुसरी जागा कोपऱ्यांची. डोळ्याच्या बाहेरच्या टोकापासून सरळ वर एक उभी रेघ कल्पा. पुढची रेषा आणि कानशिलाकडची रेषा यांचा कोपरा साधारण या रेघेवर येतो. पुरुषाच्या चेहऱ्याला हा कोपरा थोडा मोकळाच हवा. तो पूर्ण भरून टाकला तर रेषा गोल होते, पुरुषाचे कपाळ बाईसारखे दिसते आणि पन्नाशीत तर टोप घातल्यासारखे वाटते.

बाजूने पाहिले तर रेषा पुढून मागे जाताना सपाट किंवा किंचित वर चढणारी असावी. ती कानाकडे खाली उतरली की बघणाऱ्याच्या लगेच लक्षात येते.

आपल्या घराघरात बाबासाहेबांचे छायाचित्र असते. उत्तर आयुष्यातली त्यांची छायाचित्रे नीट पाहा. कपाळ रुंद आहे, केसांची रेषा वर आहे, कोपरे मागे गेलेले आहेत. त्या चेहऱ्यात काही कमी आहे असे आपल्या मनातही येत नाही. प्रौढ माणसाला उंच रेषा शोभते, हे आपल्या डोळ्यांना माहीत आहे. शाळेतल्या फोटोसारखी रेषा मागताना मात्र आपण ते विसरतो.

रेषा कशी असावी

निसर्गाने आखलेली हेअरलाइन पट्टी ठेवून ओढलेली नसते. आरशाजवळ जाऊन एखाद्या दाट केसांच्या माणसाचे कपाळ बघा. तुम्हाला चार गोष्टी दिसतील.

पहिली, रेषा वेडीवाकडी असते. कुठे एखादा केस पुढे, कुठे थोडी मोकळी जागा. मधोमध कधी किंचित टोक असते. डावी-उजवी बाजूही तंतोतंत सारखी नसते.

दुसरी, अगदी पुढे एकेकटे आणि बारीक केस असतात. साधारण अर्धा ते एक सेंटिमीटर मागे गेल्यावर दाटी वाढते. म्हणून शस्त्रक्रियेतही पुढच्या ओळींत फक्त एक-केसाचे ग्राफ्ट लावायचे, त्यांच्या मागे दोन केसांचे, आणि तीन-चार केसांचे आणखी मागे. आपले केस काळे आणि बरेचदा जाड असतात. जाड केसाने जागा चांगली झाकली जाते हा फायदा आहे. पण तीन-चार केसांचा पुंजका अगदी पुढे लावला तर बाहुलीच्या डोक्यासारखे ठिपके दिसतात. पूर्वीच्या काळी मोठमोठे पुंजके लावत, तेव्हा हाच दोष दिसायचा.

तिसरी, केसांची दिशा. कपाळावरचे केस सरळ उभे नसतात, ते कातडीला जवळजवळ टेकून पुढे झुकलेले असतात. कानशिलावरचे तर खाली वळून चिकटलेले असतात. छिद्र करताना कोन चुकला तर केस ब्रशसारखे उभे राहतात आणि कितीही विंचरले तरी बसत नाहीत. उरलेले मूळचे बारीक केस ज्या दिशेने जातात, त्याच दिशेने नवे लावले पाहिजेत.

चौथी, कानशिलाची टोके. पुढची रेषा खाली आणली आणि कानशिलावरचे केस मागे गेलेलेच राहिले, तर चेहरा जुळत नाही. पुढची रेषा कानशिलाला धरून ठरवायची असते.

घरी करून पाहण्यासारखे

खिडकीच्या उजेडात चार फोटो काढा: समोरून, दोन्ही बाजूंनी आणि वरून. केस ओले करून मागे विंचरून आणखी एक. हे फोटो तारीख घालून जपून ठेवा आणि सहा महिन्यांनी तसेच पुन्हा काढा. रेषा खरोखर मागे जाते का, हे मित्रांच्या बोलण्यावरून नव्हे तर यावरून कळेल.

मग आयब्रो पेन्सिलने कपाळावर हवी असलेली रेषा स्वतः काढा. तिच्या एक सेंटिमीटर वर दुसरी काढा. दोन्हींचे फोटो घ्या. ते घरातल्या मोठ्या माणसांना दाखवा, आणि विचारा की यातली कुठली रेषा वडिलांच्या वयाच्या चेहऱ्यावर शोभेल. बहुतेक वेळा उत्तर वरच्या रेषेचे येते. हा कागद आणि फोटो डॉक्टरकडे सोबत न्या.

रेषा आखणारा हात कोणाचा?

मार्च २०१९ मध्ये मुंबईत ४३ वर्षांच्या एका व्यावसायिकाने हेअर ट्रान्सप्लांट करून घेतले. वृत्तपत्रांत आलेल्या माहितीनुसार एकाच बैठकीत ९,५०० ग्राफ्ट लावले गेले आणि शस्त्रक्रिया बारा तासांहून जास्त चालली. त्यानंतर चेहरा आणि गळा सुजला, श्वास लागू लागला, आणि दोन दिवसांत त्यांचा मृत्यू झाला. तीव्र ॲलर्जीची शंका डॉक्टरांनी व्यक्त केली होती. मागे आपण पाहिलेला हिशेब इथे पुन्हा आठवा. आयुष्यभराचा साठा ४,००० ते ६,००० धरतात, तिथे एका बैठकीत ९,५००. इंजेक्शनने दिलेल्या भूल औषधाचे प्रमाण माणसाच्या वजनावर ठरते आणि बैठक जितकी लांबते तितके औषध वाढते. ट्रान्सप्लांट ही शस्त्रक्रिया आहे, सलूनमधले काम नाही, एवढे तरी या घटनेतून प्रत्येकाने घ्यावे.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये याबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांचा सारांश असा: ही शस्त्रक्रिया रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरनेच करावी, म्हणजे त्वचारोग किंवा प्लास्टिक सर्जरीचे पदव्युत्तर शिक्षण झालेल्याने. कार्यशाळेत बघून किंवा यूट्यूबवर पाहून शिकणे हे प्रशिक्षण नव्हे. मदतनीस डॉक्टरच्या देखरेखीखालीच काम करतील. आणि रुग्ण अत्यवस्थ झाला तर अतिदक्षता विभागाची सोय असली पाहिजे.

म्हणून दवाखान्यात गेल्यावर हे प्रश्न विचारा. विचारायला लाजू नका. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर उठून या.

१. हेअरलाइन कोण आखणार? डॉक्टर की फोनवर बोललेला सल्लागार?
२. डॉक्टरांची पदवी आणि मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक काय?
३. छिद्रे कोण करणार? डॉक्टर किती वेळ खोलीत असणार?
४. माझ्या मागच्या साठ्यात एकूण किती ग्राफ्ट आहेत, आता किती काढणार, पुढच्यासाठी किती शिल्लक राहणार?
५. पुढच्या ओळींत एक-केसाचे किती ग्राफ्ट लावणार?
६. वर्षानंतरचे, केस मागे घेतलेले, जवळून काढलेले रुग्णांचे फोटो दाखवता का?
७. त्रास झाला तर कुठल्या रुग्णालयात नेणार?

रक्तदाब, साखर, दमा, रक्त पातळ करणारी गोळी, इंजेक्शनची ॲलर्जी, जखम भरल्यावर फुगीर वण येण्याची सवय यांतले काहीही असेल तर लपवू नका. रेषा आखल्यावर भूल देण्याआधी आरशात स्वतः बघा, तिचा फोटो काढा, आणि पटली नाही तर त्याच क्षणी थांबवा. संमतिपत्र मराठीत समजावून घेतल्याशिवाय सही करू नका.

मागचा वण, लग्नाची तारीख आणि श्रामणेर शिबिर

मागचे केस काढण्याच्या दोन पद्धती आहेत. एकीत कातडीची लांब पट्टी काढून टाके घालतात. तिचा आडवा वण राहतो, तो लांब केसांखाली झाकला जातो. दुसरीत एक मिलिमीटरच्या आसपासच्या नळीने एकेक मूळ काढतात. तिचे बारीक पांढुरके ठिपके राहतात. आपल्यात अनेक तरुण श्रामणेर शिबिरात बसतात आणि मुंडन करतात. ज्याचा तसा विचार आहे त्याने हे डॉक्टरांना आधीच सांगावे, कारण मुंडन केल्यावर पट्टीचा वण स्पष्ट दिसतो. दुसऱ्या पद्धतीतही प्रमाणाबाहेर केस काढले तर मागची बाजू चाळणीसारखी दिसते. लावलेले केस नीट रुजल्यानंतर मुंडन करायला हरकत नसते, पण केव्हा ते डॉक्टरांना विचारा.

लग्न ठरल्यावर महिनाभर आधी ट्रान्सप्लांट करायला जाऊ नये. खपल्या आठ-दहा दिवसांत पडतात. दोन ते सहा आठवड्यांत लावलेले केस गळतात. घाबरू नका, मूळ आत असते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून नवे केस येऊ लागतात आणि खरे रूप वर्षभराने दिसते. पहिले काही दिवस घट्ट हेल्मेट, वाकून जड ओझे उचलणे, कडक ऊन हे टाळावे लागते. साधारण महिनाभर समुद्रात, विहिरीत, तळीत पोहणे बंद. मासेमारीला, बांधकामाला किंवा हमालीला जाणाऱ्याने किती दिवस काम बुडेल याचाही हिशेब खर्चात धरावा. सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया असल्याने विम्यात किंवा सरकारी योजनेत ती सहसा बसत नाही. हप्ते फेडायला बचत गटाचे कर्ज किंवा आईचे दागिने लागणार असतील तर थांबा. केस वर्षभर थांबू शकतात.

आयाबहिणींसाठी

बायकांच्या केसांची रेषा पुरुषांपेक्षा खाली आणि गोलसर असते, तिला मोकळे कोपरे नसतात. वर्षानुवर्षे घट्ट वेणी, घट्ट अंबाडा किंवा पोनी बांधल्याने कानशिलाचे आणि कपाळावरचे केस ओढले जाऊन विरळ होतात. सुरुवातीलाच वेणी सैल केली तर ते परत येतात, फार वर्षे गेली तर येत नाहीत. लहान मुलींच्या वेण्या घालताना कपाळाची कातडी ताणली जाते का, हे आईने आणि आजीने बघावे. बायकांच्या केसगळतीत रक्ताची कमतरता आणि थायरॉईड आधी तपासावे.

दुसरे मार्गही आहेत

मिनॉक्सिडिल हे डोक्याला लावायचे औषध मूळचे केस टिकवायला मदत करते. फरक दिसायला चार ते सहा महिने लागतात आणि बंद केले की फायदा जातो. फिनॅस्टराइड ही गोळी पुरुषांची गळती थांबवते, पण थोड्या जणांत कामेच्छा कमी होणे, मन उदास होणे असे त्रास होतात. ती चिठ्ठीशिवाय घेऊ नये, आणि गरोदर बाईने फुटलेल्या गोळीला हात लावू नये. ट्रान्सप्लांट झाल्यावरही उरलेले केस टिकवायला बहुधा औषध चालूच ठेवावे लागते. हे आधी कोणी सांगत नाही, तुम्ही विचारा.

आणि काहीच न करणे, केस बारीक कापून राहणे, हाही पूर्ण मार्ग आहे. भंतेजींच्या मुंडन केलेल्या मस्तकापुढे आपण आदराने वाकतो. मग आपल्याच पोराला टकल्या म्हणून चिडवणे निदान आपल्या घरात तरी बंद व्हावे. निम्मी घाई या चिडवण्यातून होते.

ज्याला विचारांती ट्रान्सप्लांट करायचे आहे त्याने जरूर करावे, त्यात काही गैर नाही. फक्त क्रम पाळावा. आधी निदान, मग सहा महिने फोटो आणि औषध, मग मागच्या साठ्याचा हिशेब, मग पेन्सिलची रेषा, आणि सगळ्यांत शेवटी पैसे. रेषेबद्दल मन द्विधा असेल तर ती वरच ठेवावी. वरची रेषा पुढे कधीही खाली आणता येते, पण खाली लावलेली सहजासहजी वर नेता येत नाही.

जय भीम.